सोयाबीनमधील तणनाशक : मात्रा, वेळ आणि पंपाचा हिशोब

सोयाबीन पेरून पंधरा-सोळा दिवस झाले की कृषी सेवा केंद्रापुढे गर्दी होते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "पंपाला किती टाकायचं?" दुकानदार एक आकडा सांगतो, बाटलीच्या झाकणाने औषध मोजले जाते आणि फवारणी उरकते. पंधरा दिवसांनी कुणाच्या शेतात केना हे चिवट तण तसेच हिरवेगार असते, तर कुणाचे सोयाबीन पिवळे पडून खुजे राहिलेले असते. औषध एकच, दुकान एकच, तरी दोन शेतांत दोन तऱ्हा.

याचे कारण बहुतेक वेळा त्या प्रश्नातच असते. तणनाशकाची मात्रा जमिनीच्या क्षेत्रावर ठरते. एकराला ४०० मिली म्हणजे एकराला ४०० मिली. ते आठ पंपांत जाते की पंधरा पंपांत, हे फवारणाऱ्याची चाल, नोझल आणि पंपाचा दाब यांवर अवलंबून असते. कीटकनाशकात थोडे कमी-जास्त झाले तर पीक सहसा सांभाळून घेते. तणनाशक मात्र वनस्पती मारण्यासाठीच बनवलेले असते आणि सोयाबीनही वनस्पतीच आहे. ते वाचते ते मात्रा आणि वेळ यांच्या अरुंद पट्ट्यात राहिल्यामुळेच.

आधी तण ओळखा

सोयाबीनच्या शेतात साधारण तीन प्रकारची तणे असतात आणि प्रत्येकाला लागू पडणारे औषध वेगळे असते.

रुंद पानांच्या तणांत दुधी, कुंजरू, माठ, घोळ, तरोटा, कुर्डू, पेटारी, गाजरगवत ही नेहमीची. गवतवर्गात शिप्पी, चिमणचारा, हरळी. तिसरा लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. त्याची दांडी बोटांत धरून फिरवली की तीन कडा हाताला लागतात, गवताची दांडी गोल किंवा चपटी असते. ही खूण लक्षात ठेवण्याचे कारण असे की फक्त गवत मारणारी औषधे, म्हणजे क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फेनॉक्झाप्रॉप या घराण्यातली, लव्हाळ्याला काहीही करत नाहीत.

केन्याची गोष्ट निराळी. तो एकदल आहे, पण पान रुंद, मांसल आणि गुळगुळीत. गवताची औषधे त्याच्यावर चालत नाहीत आणि रुंद पानांच्या औषधांनाही तो सहज दाद देत नाही. त्याच्या प्रत्येक पेऱ्याला मुळ्या फुटतात. शिवाय वरच्या निळ्या फुलांखेरीज जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी तयार होते. म्हणून ज्या शेतात केना आहे, तिथे तो दोन पानांवर असतानाच गाठायचा असतो. चार बोटे उंच झाला की औषधाने तो फक्त थबकतो, मरत नाही.

शेतात कोणते तण किती आहे, हे बांधावरून कळत नाही. चार काड्यांची एक फूट बाय एक फुटाची चौकट करा, शेतात दहा ठिकाणी टाका आणि आत काय उगवले आहे ते मोजा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि औषध निवडण्याचा यापेक्षा चांगला आधार दुसरा नाही.

पेरणीआधीची एक वखरपाळी

तणनाशकाचा सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे ते न वापरता मेलेले तण. पहिल्या पावसानंतर तणाची पहिली लाट उगवून येते. पेरणीयोग्य ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत ही लाट हिरवी दिसू लागते. वाफसा आला की हलकी वखरपाळी देऊन ती मोडा आणि मगच पेरा. पाळी उथळ हवी. खोल वखरले तर खालचे नवे बी वर येते आणि पुन्हा तीच लाट. घाईत बरेच जण हिरव्या तणावरच पेरतात. ते तण पेरणीच्या फणातून निसटते, पुन्हा मूळ धरते आणि सोयाबीन उगवायच्या आत मोठे होते. पुढचे कोणतेही औषध त्याला पुरे पडत नाही.

हरळी आणि लव्हाळा यांचा खरा बंदोबस्त उन्हाळ्यातच होतो. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वर आणा आणि उन्हात वाळू द्या. काशा वेचून बांधाबाहेर टाका. रोटाव्हेटरने मात्र हरळीचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवे रोप होतो.

उगवणीपूर्व तणनाशक : पेरणीपासून ७२ तास

सोयाबीनला पहिले ४५ दिवस तणाची स्पर्धा सर्वांत जास्त झोंबते आणि त्यातही जुलैमध्ये सततच्या पावसाने कोळपे चालवता येत नाही, मजूर मिळत नाही. म्हणून ज्या शेतात दर वर्षी तणाचा जोर असतो तिथे उगवणीपूर्व औषध घेणे शहाणपणाचे. हे औषध जमिनीच्या वरच्या थरात पातळ पडदा धरते आणि उगवणारे बी त्यातून वर येताना मरते.

एकरी मात्रा अशा आहेत. नावापुढचा आकडा औषधातील मूळ रसायनाचे टक्के सांगतो; ईसी, एससी, एसएल, एमई ही द्रव औषधे, डब्ल्यूडीजी व डब्ल्यूजी दाणेदार, डब्ल्यूपी पावडर. पेंडीमिथॅलीन ३० ईसी १ ते १.३ लिटर. पेंडीमिथॅलीन ३० टक्के अधिक इमॅझेथापायर २ टक्के हे तयार मिश्रण १ ते १.२ लिटर. डायक्लोसुलाम ८४ डब्ल्यूडीजी १२.४ ग्रॅम. सल्फेन्ट्राझोन ३९.६ एससी ३०० मिली. सल्फेन्ट्राझोन २८ टक्के अधिक क्लोमाझोन ३० टक्के ५०० ग्रॅम. यांपैकी एकच घ्यायचे. डब्यातल्या माहितीपत्रकावर वेगळे काही छापले असेल तर ते प्रमाण.

कोणते घ्यावे? गवताचा जोर जास्त आणि रुंद पानांचे तण किरकोळ असेल तर पेंडीमिथॅलीन पुरते. रुंद पानांचे तण प्रबळ असेल तर डायक्लोसुलाम. केना आणि लव्हाळा या दोघांनी शेत व्यापले असेल तर सल्फेन्ट्राझोन असलेले औषध. फक्त पेंडीमिथॅलीन मारून लव्हाळा जाईल अशी आशा धरू नये.

७२ तासांची मर्यादा कागदी नाही. उबदार ओल्या जमिनीत सोयाबीन चौथ्या-पाचव्या दिवशी वर येते. त्याआधी ओळीवर बारीक भेग पडते आणि वाकलेला कोंब त्या भेगेतून दिसू लागतो. या अवस्थेत सल्फेन्ट्राझोन मारले तर औषध भेगेतून थेट कोवळ्या खोडावर जाते आणि कोंब जमिनीलगत तपकिरी होऊन बसतो. शक्यतो पेरणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फवारणी संपवा. चौथा दिवस उजाडला तर उगवणीपूर्व औषध सोडून द्या आणि पुढच्या टप्प्याची वाट पाहा.

या टप्प्यात जे बिघडते ते असे :

जमीन कोरडी असते. औषधाचा पडदा धरायला वरच्या दोन बोटांत ओल हवीच. कोरड्यात पेरून, पावसाच्या भरवशावर औषध मारले आणि आठ-दहा दिवस पाऊस आला नाही, तर खालच्या ओलीवर तण उगवते आणि औषध वरच पडून राहते. अशा वेळी तेच औषध पुन्हा मारू नका.

ढेकळे असतात. ढेकळाखालची जमीन औषधाविना राहते आणि पाऊस पडून ढेकूळ फुटले की तिथून तण निघते. शेतात ठिपक्या-ठिपक्यांनी तण दिसले तर बहुधा हेच घडलेले असते.

बी उघडे असते. बी तीन-चार सेंटिमीटर खोल आणि नीट झाकलेले हवे. वर पडलेले बी औषधाच्या पडद्यातच उगवते.

फवारलेल्या जागेवर पाय पडतात. म्हणून फवारणारा मागे मागे सरकत जातो. ही पद्धत चांगली आहे, पण उलट्या पावली माणूस हळू चालतो आणि एकरी औषध जास्त जाते. पंपाचा हिशोब काढताना त्याच चालीने काढा. फवारणीनंतर किमान तीन आठवडे कोळपे घालू नका, पडदा मोडतो.

अजून एक गोष्ट, मराठवाड्यात दर दोन-तीन वर्षांनी डोके वर काढणारी : दुबार पेरणी. पाऊस ओढ देतो, सोयाबीन मोडते आणि पीक बदलावेसे वाटते. पण डायक्लोसुलाम किंवा सल्फेन्ट्राझोन मारलेल्या शेतात लगेच कापूस, ज्वारी किंवा मका पेरू नये, उगवून बसतील. तिथे पुन्हा सोयाबीनच पेरा, माती खोल हलवू नका आणि औषध दुसऱ्यांदा मारू नका. पेंडीमिथॅलीन मारले असेल तर ज्वारी-बाजरी टाळा.

उगवणीनंतरचे तणनाशक : १५ ते २० दिवस

दिवसांपेक्षा तणाची पाने मोजा. रुंद पानांचे तण दोन ते तीन पानांवर, गवत तीन ते चार पानांवर असताना फवारणी व्हायला हवी. चांगल्या पावसाच्या वर्षी ही अवस्था चौदाव्या दिवशीच येते. "अजून थोडं तण निघू द्या, एकदाच सगळं मारू" हा विचार सर्वांत महागात पडतो. मागून उगवणाऱ्या चार काड्यांसाठी थांबताना पुढचे शंभर हाताबाहेर जातात.

एकरी मात्रा :

इमॅझेथापायर १० एसएल ४०० मिली. गवत आणि रुंद पाने दोन्हींवर चालते, जमिनीतही काही आठवडे टिकते. लहान दुधी, माठ यांवर चांगले. केना लहान असेल तरच.

इमॅझेथापायर ३५ टक्के अधिक इमॅझामॉक्स ३५ टक्के डब्ल्यूजी ४० ग्रॅम. वरच्याच घराण्यातले, पण रुंद पानांवर थोडे अधिक धारदार.

क्विझालोफॉप इथाइल ५ ईसी ३०० ते ४०० मिली, किंवा प्रोपाक्विझाफॉप १० ईसी २०० ते ३०० मिली. फक्त गवतासाठी.

प्रोपाक्विझाफॉप २.५ टक्के अधिक इमॅझेथापायर ३.७५ टक्के एमई ८०० मिली. गवताचा जोर असलेल्या मिश्र तणांसाठी.

सोडियम ॲसिफ्लोरफेन १६.५ टक्के अधिक क्लोडिनाफॉप ८ टक्के ईसी ४०० मिली, किंवा फ्लुएझिफॉप ११.१ टक्के अधिक फोमेसाफेन ११.१ टक्के एसएल ४०० मिली. यांतला रुंद पानांवर चालणारा भाग स्पर्शाने जाळणारा आहे. जिथे थेंब पडला तिथेच काम करतो, म्हणून पाणी भरपूर आणि फवारा सर्वत्र सारखा हवा.

क्लोरीम्युरॉन इथाइल २५ डब्ल्यूपी १५ ग्रॅम, सोबत सर्फॅक्टंट, म्हणजे थेंब पानावर पसरवून चिकटवणारे द्रव्य. हे थोडे आधी, दहा-बारा दिवसांवर.

आता डब्यावरच्या नावाविषयी. बाजारात एकच रसायन अनेक व्यापारी नावांनी मिळते. पेरणीनंतर पेंडीमिथॅलीन-इमॅझेथापायर मिश्रण एक लिटर मारले, तर एकरात २० ग्रॅम इमॅझेथापायर गेले. वीस दिवसांनी १० एसएल ४०० मिली मारले, तर आणखी ४० ग्रॅम गेले. डबे वेगळे, रंग वेगळे, आतले रसायन तेच, आणि त्याचा भार रब्बीच्या पिकावर पडतो. डबा घेताना मोठ्या अक्षरांतले नाव सोडा, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले तांत्रिक नाव वाचा. इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, क्लोरीम्युरॉन आणि डायक्लोसुलाम हे चौघे तणाच्या शरीरातील एकाच विकरावर (एन्झाइमवर) मारा करतात. दर वर्षी यांच्यातच फिरत राहिलो तर न मरणाऱ्या तणांचीच पैदास होत जाते. एका टप्प्यात यांपैकी काही वापरायचे असेल तर दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या जातीचे औषध घ्या : उगवणीपूर्व असेल तर पेंडीमिथॅलीन किंवा सल्फेन्ट्राझोन, उगवणीनंतर असेल तर फोमेसाफेनसारखे.

ग्लायफोसेट उभ्या सोयाबीनमध्ये चालत नाही. ते सहन करणारे सोयाबीनचे वाण भारतात लागवडीसाठी मंजूर नाहीत. आपली जेएस ३३५, एमएयूएस ७१, फुले संगम, सगळीच त्याने मरतील. २,४-डीचा तर वासही सोयाबीनला आणि शेजारच्या कपाशीला सोसत नाही.

पंपाचा हिशोब

हे काम कागद-पेन्सिल घेऊन फवारणीच्या आदल्या दिवशी करा. जो माणूस फवारणार आहे, त्यानेच, त्याच पंपाने, त्याच नोझलने.

१. शेतात ३३ फूट बाय ३३ फूट जागा मोजून चार कोपऱ्यांना काठ्या रोवा. हा झाला एक गुंठा.

२. पंपात साधे पाणी काठोकाठ भरा आणि पातळीची खूण करा. १५ लिटरचा पंप आहे असे धरू. पंप १६ किंवा २० लिटरचाही असतो, डोळ्यांनी ठरवू नका, एकदा मापाने भरून पाहा.

३. रोजच्या चालीने तो गुंठा फवारा. पट्टे एकमेकांवर फार चढू देऊ नका, मध्ये कोरडी पट्टीही सोडू नका.

४. पंप पुन्हा खुणेपर्यंत भरताना किती पाणी लागले ते मापाने मोजा. समजा, ५ लिटर लागले. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे एकरी २०० लिटर.

५. २०० भागिले १५, म्हणजे एकराला १३.३ पंप. ४०० मिली औषध भागिले १३.३, म्हणजे पंपाला ३० मिली.

आता हाच हिशोब दुसऱ्या माणसासाठी करा. तो भरभर चालतो, गुंठ्याला पावणेचार लिटर लागतात. एकरी १५० लिटर, दहा पंप, पंपाला ४० मिली. दुकानात जो "पंपाला ४०" सांगतात तो आकडा फक्त या दुसऱ्या माणसासाठी बरोबर आहे. जो एकर सहा पंपांत उरकतो त्याच्या हातून पंपाला ४० टाकूनही २४० मिलीच जाते, आणि त्याचा केना मरत नाही. जो पंधरा पंप मारतो त्याच्याकडून ६०० मिली जाते, आणि त्याचे सोयाबीन पिवळे पडते. औषधाला दोष देण्याआधी हे आकडे तपासावेत.

उगवणीपूर्व फवारणीला एकरी २०० लिटर पाणी ठेवा, उगवणीनंतर १५० ते २०० लिटर. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, म्हणजे सपाट पंख्यासारखा फवारा देणारे वापरा. कीटकनाशकाचे गोल फवारा देणारे, म्हणजे होलो कोन नोझल तणनाशकाला नको. त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर उडतात आणि पट्टाही सारखा पडत नाही. नोझल तणाच्या शेंड्यापासून दीड फूट वर, एकाच उंचीवर ठेवा. हात डावी-उजवीकडे हलवत फवारण्याची सवय कीटकनाशकासाठी ठीक, तणनाशकात तिच्यामुळे शेतात नागमोडी पट्टे उमटतात. बॅटरी पंपाची बॅटरी उतरली की दाब पडतो आणि तोच माणूस, त्याच चालीने, कमी औषध टाकू लागतो. पूर्ण चार्ज करूनच निघा. एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाच्या गनने उगवणीनंतरची फवारणी शक्यतो करू नका. गनचा झोत एका जागी जास्त थांबतो, दुसऱ्या जागी उडून जातो.

मिसळताना

पाणी स्वच्छ घ्या. नाल्याचे गढूळ पाणी गाळणी आणि नोझल तुंबवते आणि काही औषधे मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात.

पंप अर्धा पाण्याने भरा, औषध टाका, ढवळा, मग उरलेले पाणी. रिकाम्या पंपात आधी औषध ओतले तर ते तळाशी, पाइपात जाऊन बसते आणि पहिल्या दहा पावलांत जाड धार पडते.

डायक्लोसुलामचे १२.४ ग्रॅम किंवा इमॅझामॉक्स मिश्रणाचे ४० ग्रॅम तेरा पंपांत चिमटीने वाटता येत नाहीत. पूर्ण पुडी एका बादलीत थोड्या पाण्यात कालवा, द्रावण बरोबर १३०० मिली करा आणि प्रत्येक पंपाला १०० मिली द्या. दर वेळी काढण्याआधी ढवळा, कारण दाणे खाली बसतात. हे द्रावण त्याच दिवशी संपवा.

सोबत सर्फॅक्टंटची पिशवी आली असेल तर ती फेकू नका. केन्याच्या गुळगुळीत पानावर साध्या पाण्याचा थेंब कसा घरंगळतो ते एकदा पाहा, मग त्या पिशवीचे काम कळेल. दोन वस्तू एकत्र करायच्या असतील तर क्रम असा : आधी पावडर व दाणेदार, मग एससी, मग ईसी, शेवटी एसएल आणि सर्फॅक्टंट. पण विद्राव्य खते, झिंक-फेरसची सूक्ष्मअन्नद्रव्ये, टॉनिक यांची भेळ तणनाशकात करू नका. एका फेरीची मजुरी वाचते आणि पीक जळाले तर कशाने जळाले हेही कळत नाही. क्लोरीम्युरॉनमध्ये क्लोरपायरीफॉससारखे ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक मिसळल्यास सोयाबीनवरचा झटका वाढतो.

फवारणीचा दिवस

जमिनीत ओल हवी आणि तण जोमात हवे. पाऊस ओढ देऊन तण कोमेजले असेल तर त्याच्या पानावरचे मेणचट आवरण जाड होते, आतला प्रवाह मंदावतो आणि औषध मुळापर्यंत पोचत नाही. अशा वेळी फवारू नका, कोळपे घाला. पिकाला ताण असताना तर सोयाबीनच जास्त दुखावते.

दव सुकल्यावर सुरू करा. पुढचे तीन तास पाऊस नको. चिमूटभर कोरडा भुसा हातातून सोडा. तो सरळ पायाशी पडला तर फवारा, तीन-चार फूट दूर गेला तर थांबा. बांधापलीकडे कपाशी, ज्वारी किंवा भाजीपाला असेल तर वारा तिकडे वाहत असताना त्या बाजूच्या ओळी सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी उरका.

सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर दोन्ही पिकांची नावे लेबलवर आहेत का ते पाहा. गवतावरची क्विझालोफॉपसारखी औषधे द्विदल पिकाला इजा करत नाहीत, पण ज्वारी किंवा मक्याचे आंतरपीक असेल तर ती संपवतील. आणि सोयाबीनची मात्रा मूग, उडीद, चवळी, घेवडा यांना जशीच्या तशी लावू नका. शेंगवर्गीय असली तरी प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी आहे.

फवारल्यानंतर काय दिसते

इमॅझेथापायर मारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तण जागच्या जागी थांबते, पण हिरवे दिसते. "औषध लागलंच नाही" म्हणून पाचव्या दिवशी दुसरे औषध मारणारे खूप आहेत. थांबा. आधी शेंडा पिवळा पडतो, मग लालसर होतो, पूर्ण मरायला पंधरा ते वीस दिवस लागतात.

गवताच्या औषधाची परीक्षा सहाव्या-सातव्या दिवशी घ्या. गवताचे मधले कोवळे पान, म्हणजे पोंगा, चिमटीत धरून हलकेच ओढा. औषध लागले असेल तर तो अलगद निघून हातात येतो आणि त्याचे खालचे टोक तपकिरी, कुजलेले दिसते. बाहेरची पाने अजून हिरवी असली तरी ते गवत मेलेच समजा. पोंगा घट्ट असेल तर मात्रा कमी पडली.

सोयाबीनवरही खुणा दिसतात. इमॅझेथापायरने शेंडा आठ-दहा दिवस फिकट पिवळा, पेरे आखूड. ॲसिफ्लोरफेन किंवा फोमेसाफेनने पानांवर तांबूस चट्टे. फवारणीनंतर आलेले नवे त्रिदल पान स्वच्छ असेल तर काळजी नाही, पीक सावरते आहे. या काळात टॉनिकवर पैसे घालवण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी वाफशावर एक कोळपणी करा. विदर्भात जिला डवरणी म्हणतात, तीच. मुळांना हवा मिळते आणि वाचलेले तणही निघते. त्याआधी कोळपे नको, औषध तणाच्या मुळात उतरायला वेळ मिळायला हवा.

पिवळेपणा औषधाचा की लोहाच्या कमतरतेचा? चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की नव्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो आणि तो पट्टा सखल भागात दिसतो. औषधाचा पिवळेपणा फवारणीच्या पट्ट्यांनी जातो. जिथे दोन पट्टे एकमेकांवर चढले, जिथे वळताना पंप चालू राहिला, त्या धुऱ्याकडच्या टोकांना तो जास्त असतो.

वाचलेला केना पंचविसाव्या दिवसापर्यंत हाताने उपटा आणि शेताबाहेर न्या. तिथेच ओल्या मातीवर टाकला तर तीन दिवसांत पेऱ्यांना मुळ्या फुटून पुन्हा उभा राहतो. फुले लागल्यानंतर सोयाबीनमध्ये कोणतेही तणनाशक मारू नका.

अंग आणि पंप

सर्वांत जास्त धोका फवारताना नाही, बाटली उघडून औषध मोजताना असतो, कारण तेव्हा ते निव्वळ असते. हातमोजे तेव्हाच हवेत. पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, तोंडाला मास्क. औषध ढवळायला हात घालू नका, काठी घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. ती कीटकनाशके होती, पण उघड्या अंगाने फवारण्याची सवय तीच आहे. कुणाच्या पोटात औषध गेले तर उलटी करवू नका, ईसी औषधातले द्रावक फुप्फुसात जाते. डबा किंवा लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर तांबड्या रंगाचा पट्टा मारा. एकच पंप असेल तर साध्या पाण्याने तीनदा धुवा, मग धुण्याचा सोडा घातलेले पाणी रात्रभर पाइप आणि दांडीसकट भरून ठेवा, सकाळी नोझलमधून काढून टाका आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. नोझल, गाळणी आणि वायसर काढून वेगळे धुवा. उसातल्या २,४-डीचा पंप नुसता खंगाळून सोयाबीनला कीटकनाशक मारले की पाने आणि शेंडे पिळवटतात, आणि माणूस दोष कीटकनाशकाला देतो. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोके पाडा, म्हणजे ती घरात तेला-पाण्यासाठी जाणार नाही.

रब्बीचा विचार

शिफारशीच्या मात्रेत इमॅझेथापायर वापरले असेल तर मागून हरभरा आणि गहू घेता येतात. ज्वारी, मका, मोहरी, सूर्यफूल, कांदा आणि भाजीपाला मात्र त्याच्या अवशेषाला नाजूक आहेत. पाऊस कमी झालेल्या वर्षी औषध जमिनीत जास्त काळ राहते. क्लोरीम्युरॉनचे आणखी एक आहे : ते विम्लधर्मी (अल्कधर्मी) जमिनीत हळू विघटते, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच काळ्या जमिनींचा सामू आठच्या आसपास असतो.

शंका असेल तर प्रयोगशाळेची गरज नाही. सोयाबीन निघाल्यावर शेतातून पाच-सहा ठिकाणची वरची अर्धा फूट माती घ्या, मिसळा, दोन कुंड्या भरा. दुसऱ्या दोन कुंड्यांत औषध न पडलेल्या बांधाजवळची, तशाच प्रकारची माती. चारही कुंड्यांत मोहरी आणि ज्वारीचे दहा-दहा दाणे टाका, सारखे पाणी द्या. पंधरा ते वीस दिवसांनी रोपे मुळासकट उपटून शेजारी शेजारी ठेवा. उंची आणि मुळे दोन्ही पाहा. शेतातल्या मातीतली रोपे खुजी, पिवळट आणि मुळे आखूड, बाटलीच्या ब्रशसारखी दाट असतील तर त्या शेतात यंदा ज्वारी किंवा कांदा नको, हरभरा पेरा.